हवेचा कुणाचा आकडा खरा?

थंडी पडली की मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्यूआयचे, म्हणजे हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाचे, स्क्रीनशॉट फिरू लागतात. एकाच्या ॲपवर १००, दुसऱ्याच्या ॲपवर दीडशेच्या पुढे. मग कुणीतरी निकाल देऊन टाकतं.

‘सरकारी आकडा कमी दिसतो, म्हणजे तो दाबलेला आहे.’

आधी पट्टी कुठली आहे ते बघा. सूक्ष्म धूलिकणांचं, म्हणजे पीएम २.५ चं, चोवीस तासांचं सरासरी प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर २०१५ पासून वापरात असलेल्या भारतीय पट्टीवर निर्देशांक १०० येतो. शेरा ‘समाधानकारक’. तेवढीच धूळ अमेरिकी पट्टीवर दीडशे ओलांडते आणि शेरा येतो ‘अपायकारक’. अनेक खासगी ॲप ही दुसरी पट्टी वापरतात. शिवाय सरकारी आकडा धुळीसाठी चोवीस तासांची सरासरी धरतो, तर ॲप बऱ्याचदा चालू तासाचं सांगतं. आपली पट्टी ५०० वर संपते, म्हणून दिवाळीनंतर दिल्लीत ॲपवर ९०० दिसले तरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पत्रकात ते येणार नाहीत.

तक्रार करायचीच तर पट्टीच्या सैलपणाची करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली. आपली २००९ पासून ६० वर आहे.

‘एक्यूआय म्हणजे सगळ्या प्रदूषकांची सरासरी.’

नाही. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात वाईट तोच त्या ठिकाणचा एक्यूआय ठरतो. त्यासाठी किमान तीन प्रदूषकांची मोजणी लागते आणि त्यात धूलिकण असावेच लागतात. म्हणून आकड्याशेजारी छापलेलं प्रमुख प्रदूषकाचं नाव जरूर वाचावं. दोन गावांत १८० असेल, पण एकीकडे बांधकामाची जाडी धूळ असेल आणि दुसरीकडे उन्हात वाहनांच्या धुरापासून तयार झालेला ओझोन. दोन्हीकडे रस्त्यावर पाणी मारून भागणार नाही.

‘गल्लोगल्ली सेन्सर लावले की प्रश्न मिटला.’

स्वस्त सेन्सर कणांवर प्रकाश टाकून त्यांचा अंदाज घेतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडाही फुगतो. मुंबईत हे विसरून कसं चालेल? असा सेन्सर काही काळ अधिकृत केंद्राशेजारी ठेवून त्याचा फरक काढल्यावरच त्याच्यावर विसंबावं. उपग्रहाचीही अडचण आहे: तो जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेचा अख्खा थर बघतो आणि पावसाळ्यात ढगांपुढे हात टेकतो.

‘शहराचा एक आकडा पुरे.’

३० डिसेंबर २०२४ रोजी मुंबई महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, कारण तिथला निर्देशांक सातत्याने २०० च्या वर होता. शहराच्या सरासरीवरून हे दोन भाग वेगळे काढता आले नसते. उलट बाजूही आहे. बोरिवलीतलं केंद्र वारा कुठून काय घेऊन आला हे सांगत नाही. त्यासाठी आजूबाजूच्या शहरांची मोजणी, हवामानाचं प्रारूप आणि कोणता कारखाना, किती वाहनं, किती भट्ट्या याची ताजी यादी एकत्र करावी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने दिल्लीसाठी असा हिशेब मांडणारी यंत्रणा उभी केली, आणि दिल्लीसह शेजारच्या राज्यांतल्या लगतच्या भागांसाठी २०२१ मध्ये कायद्याने एक आयोगही नेमला गेला. मुंबई महानगर प्रदेशासाठी असा वेगळा कायदा नाही. वारा मात्र ठाणे, तळोजा, नवी मुंबई अशा हद्दी विचारत नाही.

‘राष्ट्रीय कार्यक्रमाचे आकडे सुधारले, म्हणजे हवा सुधारली.’

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती प्रामुख्याने पीएम १० वर, म्हणजे जाड धूळही धरून, जोखली जाते. साहजिकच पालिका रस्ते झाडणारी यंत्रं आणि पाण्याचे फवारे घेतात. त्याने पीएम १० उतरू शकतं. फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण वाहनांच्या, चुलींच्या, कारखान्यांच्या धुरातून येतात. झाडूला ते लागत नाहीत, आणि शहराच्या गुणपत्रिकेतही त्यांची स्वतंत्र नोंद नसते.