खाण तशी माती?

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की नेरे गावाजवळ शांतिवन लागतं. कुष्ठरोग निवारण समितीचा हा आश्रम. हा रोग रक्तातून उतरतो, अशी एकेकाळी पक्की समजूत होती आणि ती केवळ अडाण्यांची नव्हती. नॉर्वेतले डॅनिएल्सन हे त्या काळचे कुष्ठरोगाचे मोठे जाणकार. 1847 साली त्यांनी ग्रंथ लिहून रोग आनुवंशिक ठरवला. 1873 मध्ये त्यांच्याच जावयाने, हॅन्सनने, सूक्ष्मदर्शकाखाली कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. सासऱ्याला असं खोटं पाडणारा जावई विरळाच! आपल्याकडे घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग कायद्यातून वगळायला मात्र 2019 साल उजाडलं.

मनाच्या आजारांची गोष्ट इतकी सोपी नाही. तिथे ‘घराण्यात आहे’ म्हणणारे लोक अर्धे बरोबर असतात. आणि घोळ होतो तो या अर्ध्या खरेपणामुळेच.

समजा, पनवेलहून रोज सीएसएमटी लोकल पकडणारी 23 वर्षांची मुलगी आहे. आईला स्किझोफ्रेनिया, घरात त्याला ‘आईचा त्रास’ एवढंच म्हणतात. नव्या नोकरीच्या ताणात दोन रात्री झोप लागत नाही, गर्दीत कुणी आपलं नाव घेतल्यासारखं वाटतं आणि पोटात गोळा येतो. सुरू झालं का? स्थळं बघायला लागल्यावर तर आईचा विषय निघताच मावशी हळूच दार लावून घेते.

तिच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर आहे. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या सुमारे 27 लाख लोकांच्या नोंदी, त्यांच्या आईवडिलांच्या मनोरुग्णालयातल्या नोंदींशी जुळवून पाहिल्या गेल्या. 2010 मध्ये निष्कर्ष छापून आले. आईवडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल, तर वयाच्या 52व्या वर्षापर्यंत 100 पैकी 7 मुलांना तो झाला. दोघांनाही असेल, तर 27 जणांना. दोघांपैकी कुणालाच मनोरुग्णालयात दाखल व्हावं लागलं नसेल, तर 100 मध्ये एकाहूनही कमी, 0.86. बायपोलर आजारात एका पालकामागे हा आकडा 4.4 होता. नैराश्यासारखे इतर त्रासही धरले, तर तो वाढतो.

म्हणजे त्या मुलीचा धोका इतरांच्या आठपट. आणि तिच्यासारख्या 100 जणींपैकी 93 जणींना आईचा आजार होत नाही. दोन्ही वाक्यं एकाच आकड्यातून निघतात. कुजबुजीत पहिलंच टिकतं.

मग स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता 80 टक्क्यांच्या आसपास असल्याचं छापून येतं, ते काय? तो आकडा एका माणसाचा धोका सांगतच नाही. एखाद्या समाजात माणसामाणसांत या आजाराबाबत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांच्या फरकाचा, एवढंच तो सांगतो. ज्या डॅनिश जुळ्यांच्या अभ्यासातून 79 टक्के हा आकडा आला, त्याच अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांश निघालं. जनुकं तीच, तरीही.

2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जागतिक अभ्यासात या आजाराशी नातं सांगणाऱ्या जनुकसंचातल्या 287 जागा सापडल्या. बहुतेकींचा परिणाम चिमूटभर, आणि तिथले धोका वाढवणारे काही बदल तुमच्याआमच्यातही असतात. आईकडून निम्मेच पत्ते येतात, तेही पिसून. म्हणून हंटिंग्टन आजारासारखी ‘आहे की नाही’ सांगणारी चाचणी इथे नाही. तो एकाच जनुकाचा आजार, त्यात आजारी पालकाच्या मुलाला धोका सरळ निम्मा. रक्त तपासून मनाचं भविष्य सांगतो म्हणणाऱ्यापासून पाकीट सांभाळावं.

जनुकांपलीकडच्या उरलेल्या वाट्यात गर्भारपणातली आणि बाळंतपणातली गुंतागुंत येते, लहानपणचे आघात येतात, आणि कोवळ्या वयातला गांजा. हा शेवटचा घटक आपल्या हातातला, म्हणून घरात आजार असलेल्या मुलांनी गांजापासून लांबच राहावं. वयाचाही हिशेब असतो: स्किझोफ्रेनिया बहुधा पंधरा ते तिशीच्या दरम्यान डोकं वर काढतो, चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू होणं कमी. ताणात दोन रात्री झोप उडणं हा आजार नव्हे. पण आठवडेच्या आठवडे आवाज ऐकू येणं, संशय वाढत जाणं, माणसांपासून तुटत जाणं अंगावर काढू नये; उपचार लवकर सुरू झाले तर गुण चांगला येतो.

डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला, तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं नाही. पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली आणि 2004 च्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही ते उभे राहिले. त्यात अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष पाहून कित्येक घरांना आपल्या माणसाच्या वागण्याचं नाव पहिल्यांदा कळलं.

मधुमेहासाठी डॉक्टर विचारतात, ‘घरात कुणाला होता?’ उत्तर तत्परतेने येतं, आजोबांच्या इन्सुलिनसकट. मनाच्या डॉक्टरांनी हेच विचारलं की खोलीत शांतता पसरते. ती महागात पडू शकते. नैराश्य घेऊन आलेल्या मुलाच्या वडिलांना बायपोलर आहे हे कळलं, तर डॉक्टर नुसतं नैराश्याचं औषध लिहिताना हात आखडता घेतात, कारण अशा रुग्णात ते उन्मादाचा झटका आणू शकतं. आणि वडिलांना लिथियम हे औषध मानवलं असेल, तर मुलालाही ते मानवण्याची शक्यता जास्त असते.