हेड बोल्ट : आवळणी आणि ताण

मोटारीच्या इंजिनात ब्लॉक आणि सिलिंडर हेड हे दोन स्वतंत्र ओतीव भाग असतात. ब्लॉकमध्ये पिस्टन वरखाली होतो, हेडमध्ये व्हॉल्व्ह बसलेले असतात. दोघांच्या मध्ये पातळ हेड गॅस्केट असते. गॅरेजमध्ये त्याला पॅकिंगही म्हणतात. जळता वायू, थंडाव्याचे पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याचे काम या गॅस्केटवर असते आणि ते दाबून धरण्याचे काम हेड बोल्टवर.

हा भार किती, हे मारुती ८०० च्या मापांवरून समजते. तिच्या ७९६ सीसी इंजिनात तीन सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३७ चौरस सेंटिमीटर. ज्वलनाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो दाब धरला, तर एका सिलिंडरवरचे हेड १,८०० किलोहून अधिक जोराने वर ढकलले जाते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर हा धक्का प्रत्येक सिलिंडरमागे मिनिटाला १,५०० वेळा बसतो. डिझेल इंजिनात दाब याच्या दुप्पट-तिप्पट असतो.

एवढ्या धक्क्यांतही सांधा मिटलेला राहतो, कारण आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा वागतो. पाना फिरतो तसा बोल्ट किंचित लांबतो, आणि मूळ लांबीवर परतण्याच्या ओढीने हेडला ब्लॉकवर दाबून धरतो. १० मिलिमीटर जाडीचा, १०.९ दर्जाचा एक बोल्ट अशी सुमारे ४ टनांची पकड देऊ शकतो. १०.९ मधला पहिला आकडा तुटेपर्यंतची ताकद सांगतो : चौरस मिलिमीटरला १,००० न्यूटन. दुसरा आकडा सांगतो, की त्या ताकदीच्या ९० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा न लांबता ताण सोसतो.

खरी गरज या ताणाची असते. टॉर्क पाना मात्र फक्त पीळ मोजतो. त्या पिळातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, आणखी सुमारे ४० टक्के आट्यांतल्या घर्षणात. ताणासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आटे गंजलेले किंवा कोरडे असतील तर टॉर्क पाना ठरलेला आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र अपुरा ताणलेला राहतो. म्हणून आवळणीचे निम्मे यश साफसफाईत असते.

ब्लॉक आणि हेडच्या पृष्ठभागांवरची जुन्या गॅस्केटची पापडी काढून, सरळ पट्टी आणि फीलर गेजने ते सपाट आहेत का हे पाहतात. हेड वाकलेले असेल तर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग घासून, ते सपाट करावे लागते. ब्लॉकमधल्या आट्यांतली घाण काढायला कापणारा टॅप वापरू नये, त्याने चांगला धातूही खरवडला जातो. जुन्या बोल्टच्या आट्यांवर उभ्या खाचा पाडून तो हलक्या हाताने आत फिरवला, की घाण त्या खाचांत जमून बाहेर येते. बुडाशी बंद असलेल्या भोकांत पाणी किंवा ऑइल साचू देऊ नये. द्रव दाबला जात नाही. बोल्ट खाली उतरताना त्या दाबाने ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल तर आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा पातळ हात देतात. पाण्याच्या पोकळीत उघडणाऱ्या बोल्टला सीलंट लावतात.

सगळे बोल्ट हाताने बसवल्यावर आवळणी मधल्या बोल्टपासून सुरू होते आणि आलटून पालटून दोन्ही टोकांकडे जाते. त्यामुळे गॅस्केट मधून कडेकडे सपाट पसरते. कडेचे बोल्ट आधी आवळले, तर मध्ये फुगवटा अडकतो. हेड उतरवताना क्रम उलटा : इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत. एका दमात पूर्ण पीळ कधीच देत नाहीत. दोन-तीन टप्प्यांत, दरवेळी तोच क्रम पाळून वाढवतात. टॉर्क पाना धक्का न देता सलग ओढावा आणि ‘टक्’ होताच थांबावे.

अनेक आधुनिक इंजिनांत शेवटचा टप्पा कोनाने मोजतात. आधी ठरलेला थोडा पीळ, मग ९० अंश आणि पुन्हा ९० अंश. दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांवर पाव फेरीत बोल्ट ०.३७५ मिलिमीटर पुढे सरकतो. घर्षण कितीही असले तरी हे अंतर बदलत नाही. त्यामुळे सगळ्या बोल्टना जवळपास सारखा ताण मिळतो. यातले काही बोल्ट मुद्दाम कायमचे लांबण्याच्या मर्यादेपर्यंत ताणले जातात. ते निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे बदलावे लागतात किंवा लांबी मोजूनच पुन्हा वापरता येतात. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटना इंजिन तापून निवल्यावर पुन्हा आवळणी लागत असे; पोलादी थरांच्या गॅस्केटना ती सहसा लागत नाही.

कोनाच्या टप्प्याआधी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर एकाच दिशेला रंगाचा ठिपका देतात. दोन पाव फेऱ्यांनंतर सगळे ठिपके बरोबर विरुद्ध दिशेला आले, की एकही बोल्ट सुटलेला नाही आणि एकही दोनदा फिरलेला नाही, याची खात्री होते.