लांब उच्छ्वासाची शिकवणी

केमोच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हे मी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत ऐकलं आहे. “दवाखान्याच्या गेटात पाय ठेवला की उमळून येतंय बघा ताई, अजून सुईबी टोचलेली नसती,” औशाकडच्या एका मावशी सांगत होत्या. शेजारी बसलेल्या सुनेला हे सगळे मनाचे खेळ वाटत होते. पण त्यात खेळ काही नव्हता. आधीच्या फेऱ्यांतल्या मळमळीची गाठ मेंदूने दवाखान्याच्या वासाशी बांधून ठेवलेली असते. वास आला की औषध चढण्याआधीच पोट ढवळतं. उलटी थांबावी म्हणून दिलेल्या स्टिरॉइडनेही अनेकांची झोप उडते. भीती, मळमळ, जागरण या तिन्ही गोष्टी एकमेकींना वाढवत नेतात आणि माणूस उपचाराला सामोरा जाण्याआधीच थकतो.

योगोपचाराचं माझं काम इथे सुरू होतं. कर्करोगाच्या गाठीवर माझ्याकडे उपाय नाही, हे मी पहिल्याच भेटीत घरातल्या सगळ्यांसमोर सांगते.

आपल्याकडच्या रुग्णाचा थकवा एकट्या आजाराचा नसतो. लातुरात डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली विवेकानंद रुग्णालय उभं केलं, आज तिथे कर्करोगावरही उपचार होतात. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय लातूरकरांना जवळचं. तरीही अवघड शस्त्रक्रिया किंवा दुसरं मत घ्यायचं म्हटलं की नांदेडहून देवगिरी, लातूरहून रात्रीची मुंबई गाडी आणि सकाळी परळचं टाटा रुग्णालय हा रस्ता ठरलेला आहे. रात्रभर फायली उशाशी घेऊन अर्धवट झोपलेलं शरीर सकाळी रांगेत उभं राहतं. मी शिकवते ते गाडीच्या बर्थवर आणि दवाखान्याच्या बाकावर करता आलं पाहिजे, ही माझी पहिली अट असते.

म्हणून सतरंजी नाही, खुर्ची. पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर, कमरेची गाठ सैल. आधी काही न बदलता श्वास नुसता पाहायचा. बहुतेकांचा श्वास वरच्या छातीत अडकलेला असतो, खांदे कानांकडे ओढलेले, दात एकमेकांवर दाबलेले. मग मी त्यांची बोटं त्यांच्याच मनगटावर ठेवते. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. “कळतंय का मावशी?” “व्हय, सोडताना हळू चालतीया.” फार अशक्त किंवा वयस्कर रुग्णांच्या बोटांना हा फरक लागत नाही, तेव्हा मी हट्ट धरत नाही. ज्यांना लागतो त्यांना मात्र पुढचं पटवून द्यावं लागत नाही.

आपल्या इच्छेशिवाय चालणाऱ्या चेतासंस्थेच्या दोन बाजू आहेत. अनुकंपी बाजू धोक्याच्या वेळी हृदय पळवते, स्नायू ताणते, पचन थांबवते. परानुकंपी बाजू शरीराला विसाव्याकडे नेते आणि तिचा मोठा भार व्हेगस ही नस वाहते. उच्छ्वास लांबला की हृदयावर व्हेगसचा अंमल वाढतो. हृदयाच्या ठोक्यांना हुकूम देता येत नाही, श्वासाला देता येतो. सगळी शिकवणी या एका फटीतून आत शिरते.

तीन-चार अंकांत श्वास आत, सहा अंकांत बाहेर. मध्ये रोखणं नाही. काही वेळाने सोडतानाच भ्रामरीचा मंद गुंजारव. पाच-सात मिनिटांत खांदे उतरू लागतात, जबडा सुटतो, कुणाला जांभया येतात, कुणाच्या डोळ्यांतून पाणी येतं. मी थांबवत नाही. शेवटी उशा लावून शवासन. रुग्ण झोपला तर घरच्यांना सांगते, उठवू नका.

या कामातलं खरं शिक्षण म्हणजे काय करायचं नाही हे कळणं. हाडांत आजार पसरला असेल तर पीळ देणारी आणि पुढे वाकायची आसनं बंद. मणका मोडू शकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर गटात बसवणं बंद. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर कपालभाती, भस्त्रिका यांचं नावही काढायचं नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात किती वर न्यायचा हे सर्जन ठरवतात. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिनने तळपायांना मुंग्या आल्या असतील तर उभ्याने काही करताना भिंत हवी आणि डोळे उघडे हवेत, कारण पायाखालची जमीन पायांना नीट कळत नसते.

तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग झालेले रुग्ण आमच्या भागात खूप. नाकात नळी असेल तर अनुलोम-विलोम कसा करणार? गळ्याला छिद्र केलेलं असेल तर श्वास नाकातून येतच नाही. किरणोपचाराच्या शेकाने तोंड सोललेल्या माणसाला भ्रामरीचा कंपही सोसत नाही. अशा वेळी उरतो तो पोटावर ठेवलेला हात आणि त्याखालची संथ हालचाल. तेवढीही पुरते.

यामागे अभ्यासाचा आधार आहे. श्वास आणि आसनांचे परिणाम यंत्रांनी मोजण्यासाठी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं. बंगळुरूच्या एस-व्यासा या योग विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्या गटात केमोनंतरची मळमळ कमी आढळली. त्यांच्याच सहकार्याने अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रात झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेक चालू असताना योग करणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा दिवसभरातला उतार अधिक चांगला राहिला. टाटा रुग्णालयानेही ८५० स्त्रियांवर योगाची मोठी चाचणी केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सॅन अँटोनियोच्या परिषदेत तिचे निष्कर्ष मांडले. घरोघरी मी यातून एवढंच सांगते: त्रास सोसायला मदत होते, आणि ती उपचारासोबत घ्यायची असते.

हे ठासून सांगावं लागतं, कारण योगाच्या नावाने केमो सोडायला सांगणारे गावोगाव आहेत. २१ जून २०१९ च्या योग दिनाला नांदेडच्या मैदानावर हजारो लोक जमले होते. योगाबद्दलची ही आपुलकी मला मोलाची वाटते. पण मैदानावर निरोगी माणसाला दिलेली आज्ञा रुग्णाच्या अंगाला लावता येत नाही. गाठ लहान असताना कुणी सहा महिने नुसता प्राणायाम करत बसला तर ते सहा महिने परत मिळत नाहीत. “केमो नको, कपालभाती कर” हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी जिवावर बेतणारा आहे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली. केमो चढत असताना रुग्ण तासन्‌तास खुर्चीतच बसून असतो. आमची शिकवणीही खुर्चीतलीच आहे. कर्करोगाचं शिक्षण घेतलेला, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय कुणाचा हातही न हलवणारा एक योगोपचारक अशा प्रत्येक केंद्रात नेमायला हवा. एखाद्या महागड्या यंत्राच्या तुलनेत त्याचा पगार नगण्य आहे. नांदेड-लातूरच्या रुग्णाला मुंबईची गाडी कदाचित धरावीच लागेल, पण आदल्या रात्री घटकाभर डोळा लागण्याची सोय त्याच्या जिल्ह्यातच झाली पाहिजे.