कॉम्प्युटर कुणाची वाट बघतोय?

मंचरला, घोडेगावला, जुन्नरला, नारायणगावला, कुणाच्याही घरी सहज विचारून बघा, "कॉम्प्युटर कसा चाललाय?" उत्तर ठरलेलं असतं: "चालतोय, पण लई स्लो झालाय." मग निदानं सुरू होतात. थोरला म्हणतो व्हायरस शिरलाय. धाकटी म्हणते रॅम कमी पडतेय. शेजारचा म्हणतो, फॉरमॅट मार, नव्यासारखा होईल. आणि पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरतच राहतं.

पण त्या डब्यात या क्षणी काय चाललंय ते कळलं, तर त्याला स्लो म्हणायला जीभ रेटणार नाही. साध्यातल्या साध्या प्रोसेसरचं घड्याळ आज सेकंदाला 300 कोटींच्या आसपास ठोके देतं. एका ठोक्यात प्रकाश किती लांब जातो? जेमतेम 10 सेंटिमीटर! जो प्रकाश चंद्रावरून आपल्यापर्यंत सव्वा सेकंदात पोचतो, तो आपला तळहात ओलांडेपर्यंत प्रोसेसरचा एक ठोका पडून गेलेला असतो.

मग इतकं चपळ यंत्र सातबाऱ्याची एक पीडीएफ उघडायला अर्धा मिनिट का लावतं?

कारण ते वाट बघत असतं. अर्ध्या मिनिटातला बहुतेक वेळ प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलेला असतो. म्हणून स्लो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा तर प्रश्न एकच विचारायचा: हा कुणाची वाट बघतोय? नारायणगावहून थोड्याच अंतरावर, खोडदला, जगातल्या एका मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या माणसांना हाच प्रश्न रोज सोडवावा लागतो. तिकडे आपण जाणारच आहोत. आधी घरचं यंत्र उघडू.

प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद, असं धरून चालू. चुलीवर आमटी उकळतेय आणि तिला एकेक जिन्नस हवा आहे. हाताशी असलेलं मीठ टाकायला काही सेकंद पुरतात; प्रोसेसरच्या पोटातच असलेली चिमुकली कॅश मेमरी ही अशी हाताशी असते. रॅममधून काही आणायचं तर सुमारे 300 ठोके जातात, म्हणजे शेजारी जाऊन विरजण मागून आणण्याइतकी पाच मिनिटं. एसएसडीकडून आणायचं तर सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. आपल्याला तो जाणवतही नाही, पण या हिशोबात ते साडेतीन दिवस झाले. आठवडे बाजार भरेपर्यंत थांबा! आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायचं असेल तर? सेकंदाचा शंभरावा भाग, म्हणजे 3 कोटी ठोके. साडेअकरा महिने. चुलीवर आमटी तशीच आणि हिंगाला गेलेला माणूस पुढच्या हंगामाला परत येतो.

हा डिस्कवाला इतका उशीर का लावतो? कारण अख्ख्या कॉम्प्युटरमध्ये पंखा सोडला तर खरोखर हलणारा भाग तेवढाच. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला 5400 फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला 90. हवा असलेला तुकडा वाचणाऱ्या सुईखालून नुकताच निघून गेला असेल, तर पुढची फेरी पूर्ण व्हायला 11 मिलिसेकंद. त्याआधी ती सुई योग्य वर्तुळावर सरकायला हवी, तो वेळ वेगळा. आणि ही सुई तबकडीला टेकत नाही, बरं का! तबकडीसोबत फिरणाऱ्या हवेच्या थरावर ती तरंगते, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर. आपला केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो. तुमच्या टेबलाखाली ही कसरत वर्षानुवर्षं अखंड चालू असते, आणि आपण तिला शिव्या घालतो. 1956 साली आयबीएमने अशी पहिली डिस्क विकायला काढली, तेव्हा तिच्यात 50 तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून जेमतेम 50 लाख अक्षरं मावत होती. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो तेवढी जागा खातो.

आता एक गोष्ट स्वतः बघण्यासारखी आहे. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतात. फिरती डिस्क असलेला कॉम्प्युटर नुकताच सुरू केला असेल तर डिस्कच्या रकान्यात बऱ्याचदा 100 टक्के दिसतं. पण तिथेच शेजारी प्रत्यक्ष वेग बघा. सेकंदाला अर्धा एमबी, कधी तेवढाही नाही! जी डिस्क सलग वाचताना सेकंदाला 100 एमबी सहज देते, ती पूर्ण घाम गाळूनही एवढंच का देते? कारण तिला एक सलग फाइल मागितलेलीच नसते. वीस प्रोग्रॅम एकाच वेळी वीस ठिकाणचे तुकडे मागत असतात. सुई इकडे धावते, तिकडे धावते, आणि सेकंदाला साठ-सत्तर हेलपाटे झाले की दमते. प्रत्येक हेलपाट्यात हाती लागतात फक्त 4 केबी. दिवसभर राबायचं आणि हाती काही नाही, असं तिचं होतं.

म्हणूनच माझं ठाम मत आहे: आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी त्याला एक एसएसडी बसवून बघावी. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिच्यात माहिती म्हणजे काचेसारख्या अवाहक थराच्या आड कोंडलेले इलेक्ट्रॉन. ते आत जातात कसे? भिंतीला दार नाही, भोक नाही. पुंजभौतिकीच्या नियमांनी ते भिंतीतून थेट पलीकडे निघतात! आणि वीज बंद केली तरी वर्षानुवर्षं तिथेच कोंडून राहतात. शाळेत ज्या विषयाचं नुसतं नाव ऐकून पोरं घाबरतात, तो विषय मंचरच्या दुकानात खोक्यात घालून विकायला ठेवलेला असतो.

रॅमची गोष्ट तर याहून अद्भुत. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक थेंब साठवणारी सूक्ष्म टाकी, आणि ही टाकी गळकी असते. काही मिलिसेकंदांत थेंब ओसरायला लागतो. मग तुमचं अर्धवट टाइप केलेलं पत्र टिकतं कसं? टाकी रिकामी व्हायच्या आत तिच्यात काय होतं ते वाचून पुन्हा भरलं जातं. रीत अशी, की 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक टाकीपाशी एकदा पोचायचंच. 8 जीबीच्या रॅममध्ये अशा टाक्या किती? जवळपास 7 हजार कोटी. तुम्ही चहा प्यायला उठलात तरी हे भरणं चालूच असतं.

ही रॅम भरली की काय होतं? कॉम्प्युटर सहसा "जागा नाही" म्हणून हात वर करत नाही. तो सध्या न लागणारा मजकूर गुपचूप डिस्कवर नेऊन ठेवतो आणि गरज पडली की परत आणतो. 1962 साली मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस कॉम्प्युटरमध्ये ही युक्ती पहिल्यांदा प्रत्यक्षात आली, आणि आजही आपल्या घरी तीच चालते. पण ब्राउझरचे तीस टॅब, त्यात एक्सेल, त्यात व्हिडिओ कॉल, असं झालं की जे बाहेर नेऊन ठेवलं तेच पुढच्या क्षणी हवं असतं. आण, ने, पुन्हा आण. सगळा वेळ वाहतुकीतच जातो आणि काम शून्य. पीटर डेनिंग यांनी 1968 साली या अवस्थेची नीट चिकित्सा केली. तिला थ्रॅशिंग म्हणतात. आपण म्हणतो, "हँग झाला." मेमरीचा रकाना 90 टक्क्यांच्या वर आणि डिस्क गुदमरलेली, असं एकत्र दिसलं तर धाकटीचं निदान बरोबर: रॅम वाढवा, किंवा फुकट, टॅब बंद करा.

सीपीयूच खरोखर 100 टक्के असेल, तर कोणता प्रोग्रॅम तो खातोय ते त्याच यादीत वर दिसतं. नाव अनोळखी असेल तर थोरल्याची शंका तपासायची वेळ झाली. आणि सीपीयू फारसं काम करत नसूनही सगळं जड चाललं असेल, तर हात लावून बघा, डबा तापलाय का? प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास तापला की जळून जाण्यापेक्षा स्वतःच ठोके कमी करतो. एप्रिल-मेमध्ये, कांदा काढणीच्या दिवसांत, आपल्याकडची धूळ पंख्यामागच्या पातळ पत्र्यांमध्ये नमद्यासारखी बसते. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने ती झाडली की यंत्र पुन्हा पहिल्यासारखं धावतं. यासाठी फॉरमॅट मारणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. फॉरमॅटने सुरुवातीला उठणारे फालतू प्रोग्रॅम जातात हे खरं, पण ते टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतूनही बंद करता येतात. लग्नाचे फोटो पणाला लावायची गरज नाही. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी फोटो दुसरीकडे उतरवा.

आता खोडद.

तिथल्या शेतांमधून, ओढ्यांपलीकडे, 25 किलोमीटरच्या परिसरात 30 प्रचंड डिश उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली, आणि तीही भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांच्या विरळ जाळीची. जाळीतून वारा आरपार जातो, पण वीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब रेडिओ लहरींना ती जाळी म्हणजे गुळगुळीत आरसा. भोकं त्यांना दिसतच नाहीत!

या 30 डिश मिळून एकच डोळा कसा होतात? प्रत्येक डिशचा सिग्नल फायबरने मधल्या इमारतीत येतो आणि तिथे प्रत्येक डिशची प्रत्येक दुसऱ्या डिशशी जोडी लावून गुणाकार करतात. जोड्या किती? 435. सुरुवातीला दुर्बीण 32 मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकायची. तो आकड्यांत पकडायचा तर प्रत्येक सिग्नलचे सेकंदाला किमान 6 कोटी 40 लाख नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक डिशचे दोन सिग्नल, म्हणजे एकूण 60. करा हिशोब: सेकंदाला 384 कोटी आकडे!

आणि इथे घरच्यासारखं गोल चक्र दाखवून चालत नाही. आपली पीडीएफ अर्धा मिनिट थांबते. आकाश थांबत नाही. आकड्यांचा एक घास चावून होण्याआधी पुढचा आला आणि ठेवायला जागा नसली, की तो कायमचा गेला. हजारो वर्षं प्रवास करून आलेली लहर खोडदला पोचून वाया! म्हणून आधी हे काम खास त्यासाठीच बनवलेल्या चिप करायच्या.

मग 2010 च्या सुमारास एक धाडस झालं, आणि मला त्याचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. तिथल्या मंडळींनी बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटरांचा एक ताफा साध्या गिगाबिट नेटवर्कने जोडला आणि दुर्बिणीचा मेंदू म्हणून बसवला. प्रोसेसर, रॅम, डिस्क, केबल, सगळं आपल्या ओळखीचं. चमत्कार जुळणीत होता. कुणीही कुणाची वाट बघता कामा नये. एक तुकडा गुणला जात असताना पुढचा रॅममध्ये उतरत असला पाहिजे, आणि त्याच वेळी आधीचा निकाल बाहेर पडत असला पाहिजे. आकडे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या कॅशमध्ये मावतील अशाच घासांनी भरवायचे. पाच मिनिटांच्या विरजणाचीसुद्धा इथे चैन नाही. टास्क मॅनेजरमधले तेच रकाने, फक्त चारही एकाच वेळी जेवढे भरता येतील तेवढे भरलेले, आणि तरी कुठेच खोळंबा नाही.

पुढे दुर्बिणीचा पट्टा 32 वरून 400 मेगाहर्ट्झवर नेला. आता सेकंदाला 4,800 कोटी नमुने! ते पेलायला आली ग्राफिक्स कार्डं. व्हिडिओ गेममधल्या गाड्या आणि स्फोट रंगवण्यासाठी जी जात जन्माला आली, तिला एकच काम झकास जमतं: हजारो आकड्यांवर एकच क्रिया एकदम करणं. दुर्बिणीला नेमकं तेच हवं होतं. पोरांच्या खेळांसाठी फुललेल्या या तंत्राने खोडदला पल्सार ताऱ्यांचे ठोके मोजले जातात. 2023 साली जगभरच्या दुर्बिणींनी अशाच ठोक्यांच्या मोजणीवरून अवकाशाच्या अतिसंथ गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले, त्यात जीएमआरटीचीही मोजणी होती.

एक अडचण मात्र या कॉम्प्युटरांनीच आणली. विजेचे इतके वेगवान ठोके पडतात तिथून रेडिओ लहरी सुटणारच. घरच्या रॅमचं घड्याळ 800 किंवा 1200 मेगाहर्ट्झवर चालत असतं आणि दुर्बीण साधारण 120 ते 1450 मेगाहर्ट्झ ऐकते, म्हणजे आपला कॉम्प्युटर थेट तिच्या कानात बोलतो. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेच्या आखलेल्या मार्गाचा फेरविचार या दुर्बिणीमुळे करावा लागला, इतका तिचा कान तिखट. म्हणून खोडदचे कॉम्प्युटर धातूने चहूबाजूंनी बंद केलेल्या खोल्यांत ठेवतात. जो धातू डिशमध्ये आकाशाच्या लहरी गोळा करतो, तोच इथे कॉम्प्युटरचा गोंगाट आत कोंडतो.

तुमच्या घरच्या कॅबिनेटचा पत्राही तेच काम करतो. त्याच्या जाळीतून वारा जातो, लहरी फारशा निसटत नाहीत. आपल्याकडे बरेच जण कॉम्प्युटर तापतो म्हणून बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावतात. त्याने धूळ दुप्पट बसते, आतला हवेचा नेमलेला प्रवाह मोडतो आणि गोंगाट मोकळा सुटतो. त्यामुळे ब्रश फिरवून झाला की झाकण परत बसवा आणि मागचे दोन्ही स्क्रू घट्ट आवळा. घराजवळच्या शेतात डिश उभी असेल तर आवर्जून.