प्रवाळकुंडातील ओझोन

घरातील प्रवाळांच्या काचकुंडात काही महिन्यांनी पाण्यावर जी फिकट पिवळसर झाक चढते, ती घालविण्याचा हुकमी इलाज म्हणजे ओझोन; परंतु १८४० च्या सुमारास शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने ज्याला वासावरून हेरले, तो हा वायू इतका जहाल की त्यास कुंडात थेट सोडण्याची मुभा कदापि देऊ नये. त्याची नेमणूक प्रोटीन स्किमरमध्येच (फेसावाटे पाण्यातील मळ काढणाऱ्या उपकरणात) असावी, आणि तेथून निघणारे पाणी व हवा ही दोन्ही सक्रिय कोळशाच्या थरातून गाळूनच पुढे जावीत. कारण समुद्रजलातील ब्रोमाइडशी संयोग पावून ओझोन जी दाहक द्रव्ये निर्माण करतो, ती तो स्वतः विरून गेल्यावरही रेंगाळतात आणि माशांच्या कल्ल्यांना जाचतात. पाण्याचे ऑक्सिडीकरण-विभव मोजणारा नियंत्रक जोडून, ४०० मिलिव्होल्टच्या आतच ओझोन तयार करणारे यंत्र आपोआप बंद होईल अशी तजवीज करावी. मात्र त्याच्या प्रोबवर शेवाळ चढले की आकडा खोटा येतो, सबब त्याचीही अधूनमधून झडती घ्यावी. साधी रबरी नळी ओझोनने तडकते, म्हणून सिलिकॉनचीच वापरावी. खोलीत उग्र वास येताच यंत्र तत्काळ बंद करून खिडक्या उघडाव्यात. वास पुढे जाणवेनासा झाला तरी निर्धास्त होऊ नये, कारण नाक त्याला लवकरच सरावते.