ओठावर ताप फुटला म्हणजे ताप गेला असे नव्हे



श्रावणात रोवणा आटोपला की आपल्या भागात दोन गोष्टी हमखास दिसतात. बांध्यांत हिरवा धान आणि घराघरांत अंथरुणावर पडलेले एखादे माणूस. ऊर्जानगरहून ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावी मी धानावरची कीड पाहायला गेलो होतो. धुऱ्यावर एक मावशी डोक्याला फडके बांधून बसल्या होत्या. तीन दिवसांपासून थंडी वाजून ताप येत होता आणि खालच्या ओठावर बारीक फोडांचा झुपका उठला होता. मी म्हटले, "मावशी, रक्त तपासले का?" त्या म्हणाल्या, "आता कायले तपासाचं जी साहेब? ओठावर ताप फुटला. बिमारी आंगातून गेली समजा."

शेजारच्या बांधीत त्या गावच्या आशाताईंचे घरचेच लोक निंदण करीत होते. ताईंना बोलावून घेतले. बोटाच्या टोकाचा एक थेंब घेतला, वीस मिनिटे थांबलो. हिवताप निघाला, आणि तोही मेंदूवर जाणारा. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या म्हणून मावशी आज निंदणाला येतात. ओठावरच्या फोडांवर विसंबून आणखी दोन दिवस घरी राहिल्या असत्या तर काय झाले असते, हे मी इथे लिहीत नाही. जंगलपट्टीतल्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला, शेताच्या धुऱ्यावर फिरणारा माणूस आहे. पण 'आधी रोग ओळखा, मग औषध घ्या' हे जे मी तुम्हांला पिकाबद्दल रोज सांगतो, तेच अंगाच्या बाबतीत आपण विसरतो. म्हणून आज किडीऐवजी ओठावरच्या फोडांबद्दल लिहितो.

हा रोग कोणता?

ओठावर किंवा ओठाच्या कडेला आधी मुंग्या येतात, चुरचुरते, आग होते. एक-दोन दिवसांत पाण्याने भरलेले बारीक फोड झुपक्याने उठतात, फुटतात, त्यांवर खपली धरते. सात ते दहा दिवसांत बहुतेक आपोआप बरे होते. याला कोणी ताप फुटला म्हणतात, कोणी ओठ उतला म्हणतात. हा रोग हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नास वर्षांखालील जगातल्या दर तीन माणसांपैकी जवळपास दोघांच्या अंगात याचा पहिला प्रकार असतो. बहुतेकांना तो लहानपणीच, घरच्या माणसांच्या लाळेतून आणि मुक्यांतून लागतो. एकदा शिरला की नसेच्या मुळाशी दडून बसतो, जन्मभर. अंगात ताप आला, ऊन लागले, फार थकवा आला, बाईमाणसाची पाळी आली, की पुन्हा वर येतो.

म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. नव्या सुनेच्या किंवा तरण्या मुलाच्या ओठावर असे फोड दिसले की काही घरांत 'गरमी झाली' म्हणून कुजबुज चालते. ती बंद करा. ओठावरचे फोड हा कोणाच्या वागणुकीचा दाखला नव्हे. बहुतेक वेळा तो आजीने लहानपणी घेतलेल्या मुक्याचाच उरलेला हिशेब असतो.

ताप फोडांनी जात नाही

फोड उठले म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडली, ही समजूत जुनी आहे. खरा प्रकार उलटा आहे. कुठल्याही मोठ्या तापाने अंगाची ताकद कमी झाली की दडलेला विषाणू डोके वर काढतो. हिवतापात हे होते, न्यूमोनियात होते, साध्या सर्दी-तापातही होते. ताप कशाचा, हे फोड सांगत नाहीत. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा वाहतो, आणि चंद्रपूरची जंगलालगतची गावे त्याच पट्ट्यात येतात. तेव्हा आपल्याकडे नियम एकच: ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचे, ओठावर फोड असोत की नसोत. तपासणी आणि गोळ्या दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. गोळ्या सुरू झाल्यावर बरे वाटले तरी सगळा डोस पुरा करायचा. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल आणि त्याला ताप आला, तर तासभरही वाट पाहू नका, सरळ दवाखाना गाठा.

मलम कोणते, आणि ते करते काय?

ताप नाही, किंवा तापाचा इलाज सुरू झाला आहे, आणि फक्त ओठाचा त्रास आहे. अशा वेळी डॉक्टर बहुधा अॅसायक्लोव्हिर हे पाच टक्क्यांचे मलम लिहून देतात. हे औषध गेल्या शतकात सत्तरच्या दशकात निघाले. ज्या प्रयोगशाळेत ते निघाले तिथल्या गरट्रूड एलियन या बाईंना १९८८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघा शास्त्रज्ञांसोबत मिळाले. औषधाची करामत धानातल्या निवडक तणनाशकासारखी आहे. असे तणनाशक तण मारते आणि धान सोडते. हे औषधही विषाणू जिथे शिरला आहे त्याच पेशीत जागे होते, आणि जागे करणारा असतो खुद्द विषाणूच. निरोगी पेशीला त्याचा फारसा त्रास नाही.

पण अपेक्षा बेताची ठेवा. वेळेवर लावले तर दुखणे साधारण अर्ध्या ते एका दिवसाने लवकर आटोपते. नसेच्या मुळाशी दडलेला विषाणू त्याने मरत नाही, पुढच्या खेपेला तो येणारच. आणि वेळेवर म्हणजे चुरचुर सुरू झाल्याबरोबर. धानावर तुडतुडे पडून पीक करपल्यावर फवारणी केली तर पैसाच जातो. तसेच खपली धरल्यावर मलम चोपडून उपयोग नाही.

लावायची पद्धत अशी:

१. आधी साबणाने हात धुवा.
२. मुगाच्या दाण्याएवढे मलम घ्या. फोडांवर आणि कडेच्या कातडीवर हलके टेकवा, चोळू नका. चोळले की फोड फुटतो आणि विषाणू पसरतो.
३. जागेपणी दर चार तासांनी, दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. तेवढ्यात बरे झाले नाही तर डॉक्टरांना विचारून आणखी पाच दिवस. दहा दिवसांवर जाऊ नका.
४. लावून झाल्यावर पुन्हा हात धुवा. त्याच बोटाने डोळा चोळला तर डोळ्याला लागण होते.
५. हे मलम ओठाच्या बाहेरच्या बाजूला लावायचे. तोंडाच्या आत नाही, डोळ्यात तर मुळीच नाही. डोळ्याचे मलम वेगळे असते आणि ते डोळ्याचे डॉक्टरच देतात.
६. एका माणसाची ट्यूब दुसऱ्याने वापरू नये. मुदत संपलेली ट्यूब फेकून द्यावी.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, तसेच साखरेचा आजार, एचआयव्ही किंवा कर्करोगाचा इलाज चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नये. ताकद कमी असलेल्या माणसाला नुसते मलम पुरत नाही, गोळ्या लागतात.

घरातली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब

चूक माझ्या हातूनही झाली आहे, ती सांगतो. एका उन्हाळ्यात माझ्याच ओठावर फोड उठले. मी दवाखान्यात न जाता एका दुकानातून खाजेची ट्यूब आणली. गजकर्णावर, खरजेवर, फोडावर, सगळ्यावर चालते, असे सांगितले गेले. दोन दिवस आग थांबली. तिसऱ्या दिवशी फोड नाकापर्यंत गेले. डॉक्टरांनी ट्यूब पाहून विचारले, "तुम्ही शेतकऱ्याला असे औषध द्याल काय?" मी मान खाली घातली.

त्या ट्यूबमध्ये बुरशीचे, जिवाणूचे आणि वर स्टेरॉइडचे, अशी औषधे एकत्र होती. विषाणूवर त्यातले एकही चालत नाही. स्टेरॉइड तर त्या जागेवरची अंगाची राखणच ढिली करते, मग विषाणूला रान मोकळे. करपा बुरशीचा, कडाकरपा जिवाणूचा, दोन्हींत पान वाळते, पण औषध एक नाही हे आपल्याला ठाऊक आहे. इथेही तसेच. डब्यावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशी नावे दिसली तर ते स्टेरॉइड समजा आणि ओठाच्या फोडाला लावू नका. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीच्या औषधांत घातली. तरी ती चिठ्ठीवाचून मागितली जातात आणि मिळतातही. मागणे थांबवणे आपल्या हाती आहे.

चुना, गेरू, दंतमंजन, विडीची राख हेही लावू नका. चुन्याने कातडी जळते आणि जखम दुप्पट होते. खपली ओढत असेल तर साधे व्हॅसलीन पुरे.

सारखे दिसते, पण वेगळे असते

पहिला, धानातला किडा. मुंगीसारखा लांबट, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा हा किडा पावसाळ्यात दिव्यावर येतो. ऊर्जानगर-दुर्गापूरच्या दिव्यांखाली बसणाऱ्यांनी त्याला पाहिले असेल. तो चावत नाही. अंगावर चिरडला की त्याचा रस लागून दुसऱ्या दिवशी कातडीवर लांब लाल पट्टा उठतो, त्यावर फोड येतात, भाजल्यासारखी आग होते. त्यावर विषाणूचे मलम व्यर्थ. अंगावर बसला तर फुंकरीने उडवा, रस लागला तर लगेच साबणाने धुवा. शेतात मात्र तो तुडतुडे खाणारा आपला मित्र आहे, त्याला मारू नका.

दुसरी, नागीण. अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे फोड आणि सुया टोचल्यासारखी ठणक. हा विषाणू त्याच कुळातला, पण निराळा. त्याला मलम पुरत नाही. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या तर गुण चांगला येतो. मंत्र टाकण्यात आणि गेरू लावण्यात तेच तीन दिवस जातात.

तिसरा सगळ्यांत वाईट. खर्रा खाणाऱ्याच्या ओठावर किंवा गालात आत चट्टा, गाठ किंवा जखम झाली आणि ती तीन आठवड्यांत भरली नाही, तर तो ताप फुटलेला नाही. तिथे ट्यूब बदलत बसू नका. जिल्हा रुग्णालयात तोंड तपासून घ्या. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होतो.

तान्ह्या बाळाला जपा

मोठ्या माणसाला हे फोड म्हणजे आठवड्याचा त्रास. महिन्याच्या आतल्या बाळाला मात्र हाच विषाणू जिवावर बेततो. ज्याच्या ओठावर फोड आहेत त्याने बाळाचा मुका घेऊ नये, मग तो बाप असो की आजी. बाळंतिणीला स्वतःला फोड असतील तर तिने हात धुऊन, तोंडाला स्वच्छ फडके बांधून बाळाला पाजावे. स्तनावर फोड नसतील तर दूध बंद करायचे कारण नाही. बारशाला येणाऱ्या पाहुण्यांना हे सांगताना संकोच वाटतो, पण घरच्या वडीलधाऱ्याने सांगितले की कोणी रागावत नाही.

उन्हाचे काय?

तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या दिवसांत आपल्याकडे ऊन मी म्हणते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. ज्यांना दर उन्हाळ्यात फोड येतात त्यांनी पहाटे कामाला लागावे, दुपट्ट्याने ओठ झाकावेत, भरपूर पाणी प्यावे. वर्षातून सहा वेळांहून अधिक फोड येत असतील, दहा दिवसांत बरे होत नसतील, किंवा डोळ्याजवळ एक जरी फोड उठला असेल, तर डॉक्टरांकडे जावेच. डोळ्याच्या बाबतीत त्याच दिवशी.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत पाणी-रस्त्याच्या विषयांसोबत पाच मिनिटे आशाताईंना बोलू द्या. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एवढेच लिहून ठेवा: 'ताप आला की रक्त तपासा. ओठावर फोड आले म्हणून थांबू नका.'

पिकाला औषध देण्याआधी आपण पान उलटून पाहतो. ओठाला ट्यूब लावण्याआधीही तेवढे पाहावे, आणि स्वतःला कळले नाही तर ज्याला कळते त्याला दाखवावे. त्या मावशींनी परवा मला धुऱ्यावर थांबवून विचारले, "साहेब, सुनेच्या ओठावर फोड आले, ताप नाही. काय करू?" मी म्हटले, "दवाखान्यात दाखवा, आणि नातवाचा मुका तिला घेऊ देऊ नका." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते तं मी कालच सांगतलं जी."