सैन्याचा सर्वांत वरचा डॉक्टर

सैन्याचा सर्वोच्च वैद्यकीय अधिकारी म्हणजे जखमेतून गोळ्या काढणारा सर्वांत निष्णात सर्जन, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो महासंचालक (संपूर्ण सेवेचा प्रशासकीय प्रमुख) असतो.

जिल्हा आरोग्य अधिकारी काही गावात येऊन इंजेक्शन टोचत बसत नाहीत. लस वेळेवर पोचली का, पाणी तपासलं का, माणसं पुरेशी आहेत का, हे ते पाहतात. महासंचालकाचं कामही याच जातीचं.

त्याला कारण आहे. विसाव्या शतकापर्यंत बहुतेक युद्धांत शत्रूपेक्षा पटकी, हगवण, विषमज्वर अशा रोगांनीच जास्त सैनिक दगावत. म्हणजे शस्त्रक्रियेइतकंच शौचालयाच्या चराला आणि उकळलेल्या पाण्याला महत्त्व. जखमींना मागे आणण्याची साखळीही तितकीच मोलाची.

भारतात 1943 साली आर्मी मेडिकल कोअर उभी राहिली, 1948 मध्ये पुण्यात सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय. आज भूदल, नौदल, हवाई दल यांचे वैद्यकीय महासंचालक वेगवेगळे आणि तिघांवर सशस्त्र दलांचा एक. भूदलाचा महासंचालक आणि सशस्त्र दलांचा महासंचालक या दोन पदांची गल्लत बातम्यांतही होते. 2024 मध्ये तर ती होणारच होती: ऑगस्टमध्ये लेफ्टनंट जनरल साधना सक्सेना नायर भूदलाच्या, ऑक्टोबरमध्ये नौदलातल्या सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन सशस्त्र दलांच्या महासंचालक झाल्या. आपापल्या पदावरच्या दोघीही पहिल्या महिला, आणि दोघीही पुण्याच्या त्याच महाविद्यालयात शिकलेल्या.